बंदी नाही म्हणून सुरक्षित?

‘बाजारात आलेलं प्रत्येक रसायन सरकारनं तपासलेलं असतं, घातक असतं तर कधीच बंदी आली असती.’ हा मजकूर सध्या भरपूर फिरतोय. औषधं आणि कीटकनाशकांना बहुतेक देशांत विक्रीआधी चाचण्या दाखवाव्या लागतात, तेवढ्यापुरतं ते बरोबर. रंग, गोंद, प्लॅस्टिकमधल्या रसायनांचं तसं नाही.

‘सरकारनं तपासलेलं’: चाचण्या बहुधा कंपनीच करते किंवा पैसे मोजून करवून घेते, सरकार अहवाल वाचतं. अमेरिकेत आयबीटी नावाची मोठी खासगी प्रयोगशाळा होती. तिचे खोटे अहवाल 1970च्या दशकात उघडकीस आले, 1983 मध्ये तिचे अधिकारी दोषी ठरले. प्रयोगातले मेलेले प्राणी तपासणीआधीच कुजायचे, तरी अहवाल तयार! प्रयोगशाळांसाठी काटेकोर नियम आले ते असे प्रकार घडल्यावर.

‘प्रत्येक’: अमेरिकेचा रसायनांवरचा 1976 चा कायदा आला तेव्हा वापरात असलेली सुमारे 62,000 रसायनं नव्यानं न तपासता तशीच चालू राहिली. युरोपनं 2007 पासून ‘माहिती नाही तर विक्री नाही’ असा नियम केला, म्हणजे माहिती देऊन रसायनाची नोंदणी करायची. पण वर्षाला एक टनापेक्षा कमी उत्पादन किंवा आयात असेल, तर तिथेही ही नोंदणी लागत नाही.

‘बंदी आली असती’: इथे हा दावा पार आपटतो. ॲस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो याबद्दल 1989 मध्ये शंका उरली नव्हती. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं त्या वर्षी बंदी घातली. 1991 मध्ये न्यायालयानं तिचा मोठा भाग रद्द केला. ॲस्बेस्टॉस निर्दोष ठरलं म्हणून नव्हे. उद्योगावर कमीत कमी बोजा टाकणारा उपाय निवडल्याचं संस्थेला सिद्ध करता आलं नाही, म्हणून. 2016 मध्ये तो 1976 चा कायदा बदलला आणि तिथे वापरात उरलेल्या क्रायसोटाइल प्रकारावर बंदीचा नियम निघाला 2024 मध्ये. मधली पस्तीस वर्षं ‘बंदी नाही म्हणजे सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या खात्यात धरायची?

‘सेफ्टी डेटा शीटमध्ये (रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा-माहितीच्या पत्रकात) धोका लिहिलेला नाही’ अशीही पुस्ती कुणीतरी जोडलेली दिसते. त्या पत्रकाचा अकरावा विभाग विषारीपणाचा. कॅन्सर, प्रजननावरचा परिणाम यांपुढे तिथे अनेकदा ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच असतं. म्हणजे निष्कर्ष काढण्याइतकी माहिती पत्रक बनवणाऱ्याकडे नाही. त्यावरून ‘धोका नाही’ हे कसं निघतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानंच सांगावं.