ऑं, ओ की आ? एकदाचं ठरवा!

'मी अमक्या देशात राहतो' एवढंच सांगायचंय हो! पण फ्रेंचमध्ये 'देशात'मधल्या त्या 'त'साठी 'ऑं', 'ओ' किंवा 'आ' असा वेगवेगळा शब्द येतो, आणि तो निवडायला आधी त्या देशाचं लिंग पाठ हवं. फ्रान्स स्त्रीलिंगी, म्हणून 'ऑं'. पोर्तुगाल पुल्लिंगी, म्हणून 'ओ'. नेदरलँड्स अनेकवचनी, म्हणून पुन्हा 'ओ', पण लिहिताना शेवटी एक्स. तो उच्चारायचा नाही, फक्त लिहायचा! आणि क्लासमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर, "ऐकून ऐकून सवय होईल." काय ऐकू? मुका एक्स?

नियम म्हणे सोपा आहे. स्पेलिंगच्या शेवटी ई असेल तर देश स्त्रीलिंगी. मग मेक्सिको? त्याच्या फ्रेंच नावाच्या शेवटी चांगला ठसठशीत ई आहे, तरी पुल्लिंगी. कंबोडिया, मोझांबिक, झिंबाब्वे यांचीही तीच तऱ्हा. बरं, पुल्लिंगी म्हणजे 'ओ' एवढं तरी पक्कं? छे! इराण, इराक, अंगोला पुल्लिंगीच, पण नाव स्वराने सुरू होतं म्हणून त्यांना 'ऑं'.

बेटांचा तर नुसता सावळागोंधळ. क्यूबा, माल्टा, मादागास्कर यांच्या नावाआधी 'ल', 'ला' असं आर्टिकलच (इंग्रजीतल्या 'द'सारखं) नाही, म्हणून 'आ'. कॉर्सिका आणि सिसिलीला मात्र 'ऑं'. मार्टिनिकला 'ऑं' म्हणा नाहीतर 'आ ला', दोन्ही चालतं. मॉरिशसला परत 'आ'. (तिथली आपली मराठी मंडळी प्राथमिक शाळेपासून फ्रेंच शिकतात. हेवा वाटतो!)

शहरांना सरसकट 'आ', असं ऐकून मी जरा निवांत झालो होतो. तेवढ्यात ल आव्र आलं. नावातच आर्टिकल, त्यामुळे 'आ' आणि 'ल' यांचा संधी होऊन 'ओ आव्र'. कैरोचं तेच, 'ओ केर'. पण ला रोशेलला संधी नाही, तिथे 'आ ला रोशेल'. क्वेबेक शहरात असाल तर 'आ', क्वेबेक प्रांतात असाल तर 'ओ'. आव्हिन्यों हे सरळसरळ शहर, तरी काही फ्रेंच माणसं 'ऑं आव्हिन्यों' म्हणतात आणि दुसरी त्यावर नाकं मुरडतात.

म्हणजे त्यांचं त्यांच्यातच एकमत नाही आणि 'रिकाम्या जागा भरा'मध्ये गुण कापणार माझे! आधी आपसांत भांडून घ्या, मग या लाल पेन घेऊन.