रोजंदारीवरचं वायफाय

सासऱ्यांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून देणारा जावई फुकटच्या नोकरीला लागतो. किरकोळ रजा नाही, निवृत्ती नाही. आमचे अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे तक्रारसुद्धा मुद्देसूद येते. "जावईबापू, काल रात्री अपडेट झालं. आज सकाळी वायफाय नाही. दोहोंचा संबंध असावा असं माझं मत आहे. कधी येताय?"

संबंध होताच. लॅपटॉपमधलं मूळचं वायफाय कार्ड केव्हाच मेलं होतं, म्हणून बाजूला वायफाय देणारा नखाएवढा एक स्वस्तातला डोंगल खोचलेला. अशा काही डोंगलांचा एक नखरा असतो. खोचल्या खोचल्या तो आपण सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतो, कारण त्या खोट्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारा प्रोग्राम, ठेवलेला असतो. लिनक्सला त्याचा काडीचा उपयोग नाही. मग यूएसबी मोडस्विच नावाचा प्रोग्राम त्याला दटावतो, तेव्हा कुठे स्वारी वायफाय म्हणून हजर होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक एका लांबलचक यादीत ज्या मॉड्यूलच्या नावावर सापडेल, त्याला मॉडप्रोब नावाचा दुसरा प्रोग्राम आत बोलावतो. नाही सापडला, तर एररसुद्धा येत नाही. सगळे शांत. सरकारी शांत.

"मॉड्यूल म्हणजे?" अण्णांनी वही उघडली.

मी सांगू लागलो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहायला घेतलं, तेव्हा सगळे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असायचे. नवा ड्रायव्हर घालायचा तर अख्खं कर्नल कोडपासून पुन्हा बांधा, म्हणजे कंपाइल करा, वर मशीन रीबूट करा. पुढे मॉड्यूल आली: ड्रायव्हरची सुटी फाइल, लागेल तेव्हा आत घ्यायची, काम झालं की बाहेर. डिस्कवर अशी काही हजार पडलेली असतात. एलएसमॉड ही आज्ञा चालवून दाखवली, तर अण्णांच्या लॅपटॉपवर त्यातली शंभर-सव्वाशे जागी होती.

"म्हणजे मंजूर पदं हजारो, हजर शंभर. पुढे बोला."

इथून पुढे समजावण्याचं काम माझ्याकडे राहिलं नाही. जे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ सोर्समध्ये, म्हणजे लिहिलेल्या कोडमध्येच, आहेत, त्यांची काळजी कर्नलवालेच घेतात. आतलं एखादं फंक्शन बदललं, तर ते वापरणारे सगळे ड्रायव्हर बदलणाराच दुरुस्त करतो. बाहेरच्या ड्रायव्हरांनी आपलं आपण बघावं. आतली रचना कायम तीच ठेवू, असं वचन कर्नल कुणाला देत नाही, आणि हे धोरण जाणूनबुजून ठेवलेलं आहे. अपडेटमध्ये कर्नल नवं आलं होतं, आणि डोंगलवाल्याचा ड्रायव्हर बाहेरचा. अण्णांनी वहीत दोन रकाने पाडले: 'कायम' आणि 'रोजंदारी'.

जुनंच मॉड्यूल हाताने आत ढकलायचं म्हटलं, तर सहसा उत्तर ठरलेलं: 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं त्याची आवृत्ती छापलेली असते. ती जुळली नाही तर प्रवेश नाही.

"आदेशावर मागच्या वर्षाचा जावक क्रमांक. मीही परत पाठवला असता," अण्णा म्हणाले. माझा जावई म्हणून भाव उतरत होता आणि कर्नलचा चढत होता.

यावर उतारा डीकेएमएसचा. २००३ च्या सुमारास डेल कंपनीतल्या लिनक्सवाल्यांनी ही सोय केली: नवं कर्नल आलं की बाहेरच्या ड्रायव्हरचा सोर्स त्याच्यासाठी आपोआप पुन्हा बांधायचा. ती अण्णांकडे होती. पण बांधायला नव्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्या आतल्या रचनेचे तक्ते, लागतात. त्या आल्या नव्हत्या. आणायला नेट हवं. नेटसाठी वायफाय हवं. वायफायसाठी ड्रायव्हर हवा.

अण्णांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी लग्नातही पाहिलं नव्हतं. "दाखला काढायला दाखला!"

फोन केबलने जोडून नेट घेतलं, हेडर उतरवले, डीकेएमएस चालवलं. पंखा असा घोंघावला की सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावून गेल्या. मॉड्यूल बांधून तयार. मॉडप्रोब. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

म्हणजे सिक्युअर बूट: ओळखीची सही नसलेलं काही आत न घेणारा पहारा. पण ते तर मी बंद ठेवलं होतं.

"मी काल रात्री चालू केलं. पुरवणीत लेख होता," अण्णा म्हणाले.

"हे तक्रारीत नव्हतं, अण्णा."

"विचारलं नाहीत."

आता मॉड्यूलवर सही लागणार, आणि सही करणाऱ्या किल्लीची नोंद मशीनकडे असायला हवी. "नमुना सही," अण्णांनी लिहून घेतलं. अशी नोंद करणाऱ्या मोकयूटिल या प्रोग्रामला किल्ली दिली, पासवर्ड ठरवला, रीबूट केलं. निळा पडदा येतो, दहा सेकंद उलटी मोजतो, तेवढ्यात कोणतंही बटन दाबायचं असतं. मान अर्थातच अण्णांचा. अण्णांनी चष्मा शोधला, पुसला, लावला, 'एनी की'मधली 'एनी' कीबोर्डवर कुठे आहे हे बघायला वाकले, आणि मशीन मुकाट्याने पुढे निघून गेलं. पुन्हा अर्ज, पुन्हा पासवर्ड, पुन्हा रीबूट. या खेपेला बटन मी दाबलं. घरजावयासारखं नाही, तलाठ्यासारखं, वेळेवर.

वायफाय आलं. सासूबाईंची मालिका सुरू झाली. मी चहाकडे वळणार, तोच अण्णांनी लॉगमधली, म्हणजे मशीनच्या रोजनिशीतली, एक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. बाहेरचं मॉड्यूल आत घेतल्यामुळे कर्नल बाटलं, अशी ती नोंद. यापुढे काही बिघडलं आणि कर्नलवाल्यांकडे गाऱ्हाणं नेलं, तर बरेचदा आधी हाच शेरा बघतात.

"सर्व्हिस बुकात लाल शेरा! मॉड्यूल काढलं तर शेरा जातो?"

"नाही. रीबूटपर्यंत राहतो."

"बरोबर आहे," अण्णा म्हणाले. "शेरा असाच असला पाहिजे."

तेव्हापासून अण्णा नोंदवही ठेवतात. तारीख, कर्नलची आवृत्ती, हेडर आले की नाही, डीकेएमएसचा निकाल, शेवटी स्वतःची सही. परवा फोन आला. "जावईबापू, नवं कर्नल रुजू झालं, वायफायची मुदतवाढ आपोआप झाली. पण त्या डोंगलात म्हणे ब्लूटूथही आहे, त्याचा ड्रायव्हर वेगळा. तो कायम की रोजंदारी? लेखी कळवा."