रेम्ब्राँच्या भिकाऱ्यांचा दिवाळखोरीशी संबंध नाही

एक मजकूर सारखा फिरत असतो: सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ याचं दिवाळं निघालं, तो रस्त्यावर आला, म्हणून त्याला भिकारी इतके खरे रेखाटता आले, आणि गरिबांकडे पाहणारा पहिला चित्रकार तोच. यातली दिवाळखोरी तेवढी खरी, बाकीची विधानं चुकीची आहेत.

आधी तारखा बघू. दिवाळखोरी १६५६ची. भिकाऱ्यांची बहुतेक एचिंग्ज (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं) मात्र १६२८ ते १६३१च्या सुमाराची, नेदरलँड्समधल्या लायडन या त्याच्या गावातली. तेव्हा तो विशीत होता. वडिलांचा पवनचक्कीत हिस्सा होता, मुलाला लॅटिन शाळेत घालण्याइतकी घरची परिस्थिती बरी होती, आणि रेम्ब्राँच्या हाताखाली पुढे नावाजलेला चित्रकार गेरिट डाऊ शिकत होता.

पुरावा म्हणून १६३०चं चित्र दाखवतात: उंचवट्यावर बसून हात पसरणारा भिकारी, चेहरा खुद्द रेम्ब्राँचा. चेहरा त्याचाच आहे, हे खरं. पण त्याच वर्षी तो स्वतःचा चेहरा वेडावाकडा करून, तोंड वासून, डोळे विस्फारून तांब्याच्या पत्र्यावर उतरवत होता. भावमुद्रांच्या या सरावासाठी त्याला फुकटात मिळणारा मॉडेल तो स्वतःच होता. त्या चित्राला आत्मचरित्र मानणं म्हणजे नटाच्या भूमिकेवरून त्याच्या घरची स्थिती ठरवणं.

‘पहिला’ म्हणायचं तर झाक कालोचं काय? लोरेनमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) नान्सी शहरातल्या या कलावंताची भिकाऱ्यांवरची २५ मुद्राचित्रांची मालिका १६२२-२३च्या सुमाराची. कोऱ्या कागदावर एकटीदुकटी उभी माणसं, चिंध्या, कुबड्या. तरुण रेम्ब्राँ तिच्याकडून उघडउघड शिकला.

मला खरा राग येतो तो ‘स्वतः भोगलं म्हणूनच कळलं’ या समजुतीचा. त्यात त्याची नजर, त्याचे कष्ट बाजूलाच राहतात. १६४८चं दारातल्या भिकेचं एचिंग पाहा. म्हातारा घरमालक, पाठीवर मूल घेतलेली बाई, तिच्यासोबत एक मुलगा आणि एक वृद्ध. चित्राच्या मध्यावर काय आहे? देणारा आणि घेणारा, दोघांचे हात, आणि त्यांच्यामध्ये नाणं. विशीतल्या चित्रांतला ओरडा, विद्रूपपणा इथे उरलेला नाही. ही माणसं आता नमुने नाहीत, एक कुटुंब आहे. हा बदल अठरा-वीस वर्षं बघत, काढत, खोडत आला. तेव्हा तो ॲमस्टरडॅममध्ये १३,००० गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) घेतलेल्या प्रशस्त घरात राहत होता. त्या घराचे पैसे फिटायचे होते, हे मान्य. पण दिवाळखोरी अजून आठ वर्षं दूर होती.