उंची खुंटत नाही, मनगट मात्र सांभाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की दादर-पार्ल्याच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो: ‘जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते, इजा मोठ्या उड्यांतच होते, आणि लवचिक मुलाला जाड गादीवर काही होत नाही.’ मी मुलांना हा खेळ शिकवते, म्हणून उत्तर देते.

उंचीचं लवकर आटपते. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स १४२ सेंटिमीटर आहे, पण ती खेळामुळे बुटकी राहिलेली नाही. शरीर जितकं लांब तितकं ते हवेत फिरवणं कठीण, त्यामुळे बुटकी मुलं या खेळात टिकतात आणि उंच मुलं गळतात. बास्केटबॉलने कुणी उंच होत नाही, तसंच हे.

मोठ्या उड्यांचा मुद्दा मात्र मला मनापासून खटकतो. भारताच्या दीपा कर्माकरने २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मारलेली प्रोदुनोवा, म्हणजे व्हॉल्टवरून हवेत पुढे दोन कोलांट्या घेणारी उडी, धोक्याचीच आहे. दुसरी कोलांटी अपुरी राहिली तर मानेवर आपटण्याची भीती. पण आठ वर्षांच्या मुलाला ती कोण शिकवतं? त्याचं दुखणं सुरू होतं ते हँडस्टँड (हातांवर उभं राहणं), कार्टव्हील (हातांवरून बाजूला फिरणं) आणि मागच्या कमानीतून, कारण हे सगळं रोज पुन्हा पुन्हा होतं. पायांचं काम मनगटांवर येतं आणि मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाची, जिथून हाड वाढतं ती कूर्चा दुखावते. कंबर सतत मागे वाकवून मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. अकरा वर्षांची असताना ‘मनगट दुखतंय’ म्हटल्यावर मला पट्टी बांधून पुन्हा हातांवर उभं केलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. असं मूल माझ्याकडे आलं की हातांवरचा भार त्याच दिवशी बंद, आणि पुढे ऑर्थोपेडिक डॉक्टर.

लवचिकतेचं म्हणाल, तर सैल सांधा धरून ठेवायला स्नायूंत ताकद लागते. नुसती लवचिकता उलट धोक्याची.

राहिली गादी. दोन मीटरवरून खाली आलेलं शरीर २० सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी जोर वजनाच्या ११ पट येतो, ४० सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ६ पट. गादी त्यातलं थोडं अंतर देते, बाकीचं घोटे, गुडघे आणि कंबर वाकवून मिळवावं लागतं. शिवाय फार मऊ गादीत पाऊल रुतलं आणि वरचं अंग फिरतच राहिलं, तर गुडघा पिळवटतो. म्हणून आमच्याकडे नवी मुलं आधी कितीतरी दिवस फक्त बुटक्या बाकावरून खाली उतरायला शिकतात.