वाटत नाही हं तुझ्याकडे बघून

गेल्या रविवारी साताऱ्याला मावशीकडे धोंड्याचं जेवण होतं. ताईच्या लग्नाला दोन वर्षं होतायत, म्हणजे दाजींचा हा पहिलाच अधिक महिना. पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, ताटात ३३ अनारसे आणि वर दिवा. दाजी नव्या शर्टात अवघडून बसलेले. मी स्वयंपाकघर आणि परस यांच्यामधल्या दारात उभी होते. कुठल्याही घरात गेले की मी बाहेर पडायचा जवळचा रस्ता आधी शोधून ठेवते.

मावशी म्हणाली, "अगं, आईनं सांगितलं मला, ते तुझं ॲस्पर्जर का काय ते. पण खरं सांगू? वाटत नाही हं तुझ्याकडे बघून."

(ॲस्पर्जर हे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं जुनं नाव. ऑटिझम म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण; माणसांशी बोलणं-वागणं, आवाज, स्पर्श हे सगळं वेगळं जाणवतं.) कौतुकानं म्हणाली. मी "थँक्यू" म्हणाले. कौतुकाच्या सुरात काही आलं की थँक्यू म्हणायचं, हे मी पाठ केलेलं आहे. पण परतीच्या एसटीत ते थँक्यू खंबाटकी घाटापर्यंत टोचत राहिलं. म्हणून लिहितेय. मावशीवर राग नाही, हे आधीच सांगते, कारण माझ्या लिहिण्यात राग नसला तरी लोकांना दिसतो.

तर, 'वाटत नाही' हे कसं तयार होतं ते सांगते. रविवारच्या त्या चार तासांची तयारी गुरुवारपासून चालू होती. कोण कोण येणार याची यादी. प्रत्येकासाठी दोन प्रश्न (दाजींसाठी: नवीन गाडी, बदलीचं काय झालं). आतून शिवण टोचणार नाही असा कुर्ता, लेबल आधीच कापलेला. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की तो काय बोलतोय ते मला ऐकू येईनासं होतं, म्हणून मी दोन भुवयांच्या मध्ये बघते. लोकांना फरक कळत नाही. मध्येच "हो का?" म्हणायचं, कोणी हसलं की अर्ध्या सेकंदानं हसायचं, हात टेबलाखाली ठेवायचे म्हणजे बोटं काय करतायत ते दिसत नाही. हे सगळं चालू असताना कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, तीन बायका एकाच वेळी बोलतायत आणि टीव्ही. चार तास. आणि सोमवारी मी ऑफिसला सुट्टी टाकून पडदे ओढून पडले होते. सोमवारची मी कुणालाच दिसत नाही, म्हणून 'वाटत नाही'.

मला वयाच्या विसाव्या वर्षी ऑटिझमचं निदान मिळालं. आता चोवीस. त्याआधी मी 'शांत' होते. मुलगा गप्प बसला तर घरात चौकशी होते, मुलगी गप्प बसली तर तिला गुणी म्हणतात. सातवीत माझ्या वर्गात एक मुलगी होती, सगळ्यांना आवडायची. तिचं हसणं मी आरशासमोर उभी राहून शिकले. अजून तेच वापरते. कधी कधी वाटतं, तिला कुठेतरी भेटून सांगावं की तुझं हसू गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे.

आपली मराठी तर माझ्यासारखीच्या परीक्षेसाठीच बनवली असावी. पाहुणे निघताना "येतो" म्हणतात. लहानपणी पाहुणे "येतो" म्हणून गेले की मी खिडकीत बसून त्यांची वाट बघायचे. आईला वाटायचं मुलीला माणसांची किती ओढ आहे! "एकदा ये की घरी" हे आमंत्रण नसतं. "पाच मिनिटांत पोचतो" हा वेळेचा आकडाच नसतो. "बघू" म्हणजे नाही. मी याची एक वही ठेवली आहे, डावीकडे काय म्हणतात आणि उजवीकडे काय म्हणायचं असतं. आता १४२ नोंदी झाल्यात. पुण्यात राहायला आले तेव्हा सगळ्यांनी पुणेरी पाट्यांचे विनोद ऐकवले. मला त्या पाट्या वाचून हायसं वाटलं. बेल एकदाच वाजवावी, दुपारी १ ते ४ येऊ नये, गेट लावून घ्यावे. मला हवं ते सगळं लिहून ठेवलंय आणि हे लोक हसतायत.

सगळ्यात अवघड प्रकार आग्रहाचा. पंगतीत पहिलं 'नको' धरायचंच नसतं. दुसरं लाजून असतं. तिसऱ्याला वाढणारा विचार करतो. माझं पहिलंच 'नको' खरं असतं. रविवारी मी तीनदा नको म्हणाले आणि तरी ताटात चौथा धोंडा आला. तो मऊ गुळचट लगदा जिभेवर आला की मला मानेपासून शहारे येतात. चवीबद्दल तक्रार नाही, स्पर्श सहन होत नाही. मी तो गिळला. कारण वाटायला नको ना कुणाला.

आता त्या शब्दाबद्दल, कारण कमेंटमध्ये कोणीतरी येणारच की 'ॲस्पर्जर म्हणू नये, चुकीचं आहे'. बरोबर आहे तुमचं. माझ्या रिपोर्टवरही तो शब्द नाही, 'ऑटिझम स्पेक्ट्रम' असं आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीतून ॲस्पर्जर २०१३ साली गेलं आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली यादीही त्याला वेगळं मानत नाही. हान्स ॲस्पर्जर हा व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ. त्यानं १९४४ मध्ये काही मुलांबद्दल लिहिलं. लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८१ मध्ये त्याचं नाव त्या लक्षणांना दिलं. तो नाझी काळातही मुलांना वाचवणारा भला डॉक्टर होता, अशी त्याची ख्याती कित्येक वर्षं होती. मग २०१८ मध्ये जुने कागद बाहेर आले आणि कळलं की त्यानं काही मुलांना 'अम श्पीगेलग्रुंड' या ठिकाणी पाठवण्याची शिफारस केली होती. तिथं अपंग मुलांना मारून टाकत. ज्यांचा काही उपयोग होईल ती मुलं ठेवायची, बाकीची पाठवायची.

हे सगळं माहीत असूनही मी तो शब्द का वापरते? आईनं मावशीला 'ऑटिझम' सांगितलं असतं तर मावशीच्या डोळ्यांसमोर शेजारच्या काकूंचा न बोलणारा मुलगा आला असता. 'ॲस्पर्जर' म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी हुशारीचं असेल. म्हणजे मी तो शब्द वापरते तेव्हा 'आम्ही त्यातले वरचे' असं म्हणत असते. आपल्याकडे वरचे-खालचे करायची सवय जुनीच आहे, तीच मी इथेही चालवली. त्या काकूंच्या मुलाला आणि मला मिक्सरच्या आवाजानं सारखाच त्रास होतो. तो कान झाकतो, मी हसते. फरक एवढाच, आणि त्याचं वागणं जास्त खरं आहे. मावशीला मी अजून 'ऑटिझम' म्हणून सांगितलेलं नाही. सांगेन. हे लिहिणं सोपं आहे, तिच्यासमोर बोलणं नाही.

हुशारीवरून आठवलं. मला पंचांगाचं वेड आहे. 'कालनिर्णय' भिंतीवर आलं की मी जानेवारीच्या आधी डिसेंबरपर्यंत वाचून काढते, पाककृतींची पानंसुद्धा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं, दरवर्षी ११ दिवसांची तूट साचत जाते. मग ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलतच नाही, तो महिना अधिक धरायचा आणि हिशेब जुळवायचा. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अशी वेळ येते. ३३ अनारसे का, याचं उत्तर घरात प्रत्येक जण वेगळं देतो. मला हे साडेबत्तीसचं जवळचं उत्तर आवडतं. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ आहे. २००७ मध्येही होता, मधे २०१८ मध्येही येऊन गेला. साधारण १९ वर्षांनी गाडी फिरून त्याच स्टेशनात येते. हे मी रविवारी सांगायला सुरुवात केली आणि मला खरंच, मनापासून, दिवसात पहिल्यांदा छान वाटत होतं.

मग मामानं मध्येच थांबवलं. "अरे, हिला कुठलीही तारीख विचारा, वार सांगते!" आणि सुरू झालं. माझी तारीख सांग, दाजींची सांग. मी सांगितले. टाळ्या. त्यात कुणालाही सूर्याशी देणंघेणं नव्हतं. पूर्वी मी हे आनंदानं करायचे, कारण त्या दोन मिनिटांपुरती मी सगळ्यांना हवी असायचे. आता नको वाटतं. शिवाय बहुतेक ऑटिस्टिक माणसांना असलं काही येत नाही, आणि येत नसलं म्हणून त्यांनी काय करायचं? नंदीबैलानं मान हलवली नाही तर त्याला दाणे घालायचे नाहीत का?

अपंगत्वाच्या दाखल्याचा किस्सा थोडक्यात. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. मोजायला 'इसा' नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, ७० किंवा जास्त गुण झाले की ऑटिझम. मी कागद घेऊन एका सरकारी रुग्णालयात गेले, तीन खिडक्या फिरले, रांगेत उभी राहिले. शेवटच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "पेशंट कुठाय?" मी म्हणाले, मीच. ते म्हणाले, "तुम्ही तर एकट्या आलात." म्हणजे एकटी न येता आले असते तर मिळाला असता बहुतेक. अजून मिळालेला नाही.

ब्रिटनमधले डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१२ मध्ये त्यांनी साधी गोष्ट मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणता, पण इतरांना तरी त्याचं कुठं कळतं? गैरसमज दोन्हीकडून आहे. हे वाचलं तेव्हा मी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि एक नवा रकाना आखला. मी काय म्हणते, आणि लोक काय ऐकतात. "मला गर्दी नको" म्हटलं की लोक ऐकतात "मला तुम्ही नको". "मी आता जाते" म्हटलं की ऐकतात "कंटाळा आला". ढोल-ताशा मला चालतो, पुढचा ठोका कुठं पडणार ते कळतं. डीजे चालत नाही, तो छातीत घुसतो. हे सांगितलं की लोक ऐकतात, "हिला गणपती आवडत नाही." मी रिपोर्टमध्ये आहे, हे लोक नाहीत.

मावशीला मी काय सांगायला हवं होतं, ते आता सुचलंय. मावशी, तुला वाटलं नाही कारण मी वाटू दिलं नाही. पुढच्या वेळी मी तुझ्याकडे न बघता बोलेन, मिक्सर लागला की परसात जाईन, पहिल्या 'नको'ला तू डाव मागे घे, आणि तासाभरानं मी उठले तर 'एवढ्यात?' म्हणू नकोस. मग कदाचित मला सोमवारी सुट्टी टाकावी लागणार नाही, आणि मी तुझ्याकडे तीन वर्षांनी नाही, तीन आठवड्यांनी येईन.

ही पोस्ट टाकण्याआधी आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी विचारलं, टाकू का? ती म्हणाली, "बघू."

वहीत 'बघू'समोर 'नाही' लिहिलंय. पण ती हसत म्हणाली, आणि हसून म्हटलेल्या 'बघू'ची नोंद अजून माझ्याकडे नाही. म्हणून टाकतेय.