पॅकेज किती?

मुलगी परदेशी चालली, एवढं दादरमध्ये कुणालाही सांगा, पुढचे प्रश्न रांग लावून उभेच असतात. एमएसला का? कुठली युनिव्हर्सिटी? नाही? मग कंपनीतर्फे? पॅकेज किती? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर ही तोंडी परीक्षा मी रोज सकाळी द्यायचो आणि रोज नापास व्हायचो. कारण आमची लेक यांपैकी कशालाच चालली नव्हती. परळच्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून ती ब्रिटनमधल्या वेल्सच्या समुद्रकिनारी मुलांना कयाक नावाची चिंचोळी होडी वल्हवायला, खडकांवर चढायला आणि पाण्यात उड्या मारायला शिकवणार होती. एका धर्मादाय संस्थेत. फुकट.

इथे कट्टा गप्प व्हायचा. मग कुणीतरी आवाज खाली आणून विचारायचं, "राहणं-जेवण तरी देतात ना?"

"देतात."

"मग निदान तेवढं तरी."

ही अर्धीच बातमी होती. तिथे फुकट राबायलाही पैसे मोजावे लागतात, हे मी कट्ट्यावर सांगितलंच नाही. ब्रिटनचा धर्मादाय कामाचा व्हिसा जास्तीत जास्त बारा महिन्यांचा. त्याची फी वेगळी आणि तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार वेगळा. शिवाय खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस पडून आहेत असं दाखवायचं. त्या २८ दिवसांत हिने ते पासबुक देवघरात ठेवलं होतं आणि मी बँकेचं नाव काढलं तरी माझ्याकडे रोखून बघायची. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर क्षयरोगाची तपासणी, म्हणजे छातीचा एक्सरे. इतकी वर्षं सकाळच्या लोकलमध्ये दुसऱ्यांचे श्वास घेऊनही लेकीची फुफ्फुसं स्वच्छ निघाली, याला मी पूर्वपुण्याईच म्हणतो.

लहान मुलांबरोबर काम म्हणून संस्थेने पोलिसांचा दाखलाही मागितला. चौकशीला आलेले हवालदार फार सज्जन होते. चहा घेतला, लिहायला बसले.

"मॅडम तिकडे काय करणार?"

"लहान मुलांना समुद्रात नेणार," ही म्हणाली.

हवालदारांचं पेन थांबलं. ते पुन्हा चालू व्हायला दुसरा चहा लागला.

आता वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. तो संस्था तिथे देतेच, पण लेकीच्या मैत्रिणीने आपला जुना आणून दिला आणि मे महिन्यातल्या एका दुपारी, पंखा पाचवर ठेवून, 'अंदाज घेऊ या' असं ठरलं. जाड काळं रबरच ते. पाय आत जाईना. मग तिने पावलाला दुधाची रिकामी पिशवी चढवली. पाय पिशवीसकट सर्रकन खाली उतरला आणि टोकाकडून पिशवी बाहेर काढली, ही युक्ती मात्र मला मनापासून आवडली. कमरेच्या वर आम्ही दोघांनी ओढाओढ केली. चेन पाठीला. हिने गुडघा लेकीच्या पाठीत रोवला, मी चेनची लांब पट्टी वर खेचली आणि नेमकी बेल वाजली. मेंटेनन्सचं बिल घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी. दार उघडलं तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि मागे नखशिखांत काळी अशी कुणीतरी "बाबा, मान अडकली" म्हणून ओरडत होती. सेक्रेटरींनी बिल चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि न बोलता गेले. पैसे घ्यायला नंतर वॉचमन आला.

"यात पाणी शिरत नाही ना?" हिने विचारलं.

"शिरतं. थोडं आत अडकतं आणि आपल्याच अंगाने गरम होतं."

"म्हणजे दिवसभर ओल्या कपड्यांत फिरायचं."

यावर विज्ञानाकडेही उत्तर नव्हतं.

आपलं आणि समुद्राचं नातं कसं, तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडण्याइतकं. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा, पावसाळ्यात पालिकेने साडेचार मीटरच्या वरची भरती जाहीर केली की घरी बसायचं. तिकडे ब्रिस्टल खाडीत भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरपर्यंत जातो. आमची इमारत गच्चीसकट बुडून सहा तासांत पुन्हा कोरडी. आणि लेक चालली होती त्या वेल्समधल्या पेम्ब्रोकशरमध्ये कोस्टिअरिंग नावाचा प्रकार वाढला. हेल्मेट घालायचं, किनाऱ्याच्या खडकांना धरून धरून जायचं, खडक संपला की पाण्यात उडी मारायची, पोहायचं, पुन्हा खडक.

"रस्ता नाही का तिथे?" हिने विचारलं.

"आहे ना. कड्याच्या वरून जवळजवळ तीनशे किलोमीटरची पायवाट आहे. १९७० साली खुली झाली."

"मग पोरांना त्या पायवाटेने का नाही नेत?"

माझ्या मते संपूर्ण क्रीडाप्रकारावर एवढी नेमकी टीका कुणी केली नसेल.

हिचं मत बदललं ते एकाच गोष्टीमुळे. बुडणाऱ्याला वाचवायचा तिथे क्रम शिकवतात. आधी ओरडून सांगा, मग काठी पुढे करा, मग दोर फेका, मग होडी न्या. स्वतः पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी. "आधी ओरडा" ऐकल्यावर हिला ती संस्था एकदम संस्कारी वाटू लागली. ही स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा समोरच्या विंगमधली मुलंही अभ्यासाला बसतात. तो वारसा लेकीकडे पूर्ण उतरलाय.

आता ती तिथे रुळली आहे. व्हिडिओ कॉलवर मागे शिट्ट्या, वारा आणि पोरांचा गलका. उन्हाळ्यातही पाणी सोळा अंश. घरी एसी चोवीसवर ठेवला की याच लेकीला हुडहुडी भरायची. "केस पुसलेस का?" ही विचारते. "आई, पुन्हा पाण्यातच जायचंय," ती सांगते आणि कॉल बंद.

परवा जिन्यात सेक्रेटरी भेटले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "त्या संस्थेचा फॉर्म कुठे मिळतो हो? आमचा धाकटा घरी फुकटच बसलाय. तिकडे निदान जेवायला तरी घालतील."

"पोहता येतं का त्याला?"

"नाही. पण ओरडतो चांगला."