संधिपाद, आर्थ्रोपोडा आणि आजीचा गुडघा

दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'प्लॅटिहेल्मिन्थिस' हा शब्द आला आणि तो मी एकेक अक्षर जुळवत वहीत उतरवून घेतला. त्या रात्री तो पाठ करताना मला अक्षरशः रडू कोसळले होते. चपटे कृमी मला चांगले ठाऊक होते. ग्रीक भाषेत 'प्लॅटिस' म्हणजे चपटा आणि 'हेल्मिन्स' म्हणजे कृमी, एवढेच मला कोणी सांगितले नव्हते.

आज अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा घोकायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण त्या संज्ञांचा अर्थ त्यांना आधीपासूनच येत असतो. आपली मराठी परिभाषा ज्यांनी घडवली, त्यांनी पुष्कळ ठिकाणी ग्रीक आणि लॅटिन शब्दांची फोड करून एकेका तुकड्यासाठी संस्कृत प्रतिशब्द योजला आहे. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'पोदोस' म्हणजे पायाचा, म्हणून आर्थ्रोपोडा हे संधिपाद झाले. 'डर्मा' म्हणजे त्वचा, म्हणून एकायनोडर्माटा हे कंटकचर्मी. लॅटिन 'मॉलिस' म्हणजे मऊ, म्हणून मोलस्का हे मृदुकाय. फोटोसिंथेसिस आणि प्रकाशसंश्लेषण हे शब्द एकाखाली एक लिहिले, तर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात मराठी संज्ञेशेजारी कंसात इंग्रजी संज्ञा छापलेली असे. मात्र त्या दोघींचे नाते त्या कंसात कधीच उलगडलेले नसे.

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी तिच्या आजीच्या गुडघ्याचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. त्यावर 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' असे लिहिलेले होते. मी तिला उत्तर दिले नाही, फक्त पेन्सिलीने त्या शब्दात दोन उभ्या रेघा मारल्या. तिने मधला तुकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, "सर, हा आर्थ्रोपोडातलाच आर्थ्रो ना? म्हणजे सांधा!" शेवटचा 'आयटिस' म्हणजे दाह, हे तिला टॉन्सिलायटिसवरून सुचले. उरलेला 'ऑस्टिओ' मी सांगितला: ग्रीक 'ऑस्टिऑन' आणि आपला 'अस्थि' हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. झुरळाचे पाय संधिपाद का आणि आजीचे दुखणे संधिवात का, हे दोन्ही तिला एकाच वेळी उमगले.

ही शब्दांची भावकी फार जुनी आहे. 'पोदोस' आणि पाद, 'पेरी' आणि परि, 'मेट्रॉन' आणि मिती हे सगळे एकाच घरातले आहेत. म्हणून पेरिमीटर आणि परिमिती यांचे दोन्ही तुकडे अर्थानेच नव्हे, तर रक्तानेही जुळतात. मला सर्वांत आनंद देणारे उदाहरण नकाराचे आहे. मराठीत आपण अशक्य म्हणतो, पण अनपेक्षित म्हणतो. व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्'. ग्रीक भाषेतही नेमका हाच नियम आहे. 'ॲटम' म्हणजे जो कापता येत नाही तो, आणि 'ॲनिमिया'मध्ये 'हैमा' म्हणजे रक्तापूर्वी 'ॲन' येतो, कारण ग्रीकमध्ये सुरुवातीचा 'ह' हा व्यंजन न धरता पुढच्या स्वराचाच भाग धरला जातो. आठवीत उपसर्ग शिकलेल्या मुलासाठी यात नवीन काहीही नाही.

तरीही मूळ कळले म्हणजे विज्ञान कळले, असे मी म्हणणार नाही, कारण शब्दात त्या काळातली चूकसुद्धा साठून राहते. १७८७ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत मांडली, तेव्हा प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिए यांची समजूत होती. म्हणून त्या वायूचे नाव 'आम्लजनक' या अर्थाचे पडले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अंशही नसतो, हे पुढे हम्फ्री डेव्ही यांनी दाखवले, पण नाव टिकले. इथे आपला प्राणवायू हा शब्द मुळाच्या वाटेने गेला नाही, याचा मला आनंद वाटतो. मलेरिया म्हणजे इटालियन भाषेत 'वाईट हवा'. दोष हवेचा नसून डासाचा आहे, याचा निर्णायक पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादेत मिळाला. वर्गात मी या चुका मुद्दाम सांगतो, कारण त्यामुळे शब्द लक्षात राहतो आणि विचार कसा बदलत गेला, हेही कळते.

दोनशे मुळांची यादी छापून मुलांच्या हाती देण्याला माझा विरोध आहे, कारण त्यातून घोकंपट्टीच नव्या रूपात परत येते. धड्यात शब्द आला की त्याच वेळी तो फोडावा, शेजारी मराठी संज्ञा लिहावी आणि कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशी जुळतो, ते मुलांना स्वतः रेघांनी जोडू द्यावे. या सगळ्याला फळ्यावर पाच मिनिटेही लागत नाहीत.